शेजाऱ्याच्या आधी

माझ्या सख्ख्या भावाने माझ्याच चॅनलचं कनेक्शन काढून टाकलं, ही गोष्ट मी तीन महिने ऑफिसात कुणाला कळू दिली नाही. लाज वाटायची. मी चॅनलमध्ये राबणार आणि आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर दादा-वहिनी मोठ्या कंपनीचं अ‍ॅप टीव्हीला जोडून मॅच बघणार! मी जिन्यात दिसले की दादा मुद्दाम विचारायचा, "काय गं, तुमचा बॉक्स चालतो का अजून, की कपाटात ठेवला?" मी पाय आपटत खाली यायचे. खाली आई आणि मी राहतो, आणि आमच्याकडे बॉक्सच आहे. आईने दादाला तेव्हाच सांगून टाकलं होतं की लेकीच्या पोटावर पाय देऊन मला मॅच बघायची नाही.

आमचं चॅनल लहानसं. टायरच्या दुकानावरचे दोन मजले, सव्वीस माणसं, चार कॅमेरे आणि एक व्हॅन. शहरातल्या फुटबॉल लीगच्या मॅच आम्ही दाखवतो. गोदीवाले, टपालवाले, वीजवाले, बेकरीवाले असे आठ संघ आणि त्यांच्यावर जीव टाकणारी हजारो घरं. लोक महिन्याचे पैसे भरतात, आम्ही त्यांच्या घरी बॉक्स बसवतो, असा सरळ धंदा होता. मग मोठ्या कंपनीचं अ‍ॅप आलं. सिनेमे, मालिका, काय हवं ते, हवं तेव्हा. लोक एकेक करून आमचा बॉक्स परत आणून द्यायला लागले आणि दोन वर्षांत निम्मे गेले. त्यात लीगने मॅच दाखवायचा हक्क त्या कंपनीलाही देऊन टाकला. चीड आणणारी गोष्ट म्हणजे चित्र आमचंच. मैदानावर आमचे कॅमेरे, आमची व्हॅन. व्हॅनमधून एक वायर आमच्या ऑफिसला येते, दुसरी, लीगच्या अटीमुळे या हंगामापुरती फुकटात, त्यांच्याकडे जाते. स्वयंपाक आम्ही करायचा आणि पाहुणे त्यांच्याकडे जेवायचे.

माझं काम तक्ता लावण्याचं. कोणत्या सेकंदाला काय दिसेल, कुठली जाहिरात कुठे बसेल, ते मी ठरवते. पडदा एक सेकंद जरी काळा दिसला तरी मला घाम फुटतो. ऑफिसात मला सगळे घड्याळ म्हणतात, आणि काही जण गजरही म्हणतात, कारण मी तापले की दोन्ही मजल्यांवर ऐकू जातं.

चॅनलच्या मालकीणबाईंना आम्ही नुसतं बाई म्हणतो. चॅनल त्यांच्या यजमानांनी काढलं. साहेब चार वर्षांपूर्वी गेले आणि बाई त्यांच्या खुर्चीत येऊन बसल्या. साठीच्या आहेत, बोलतात कमी, ऐकतात सगळं. हंगाम संपायला दोन महिने असताना त्यांच्याकडे मोठ्या कंपनीचा एक माणूस यायला लागला. आमच्या इमारतीत टाय घालणारा तो एकटाच, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणू लागलो. त्याला आमचे कॅमेरे हवे होते, व्हॅन हवी होती आणि चॅनल बंद करायचं होतं.

एका संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "फायनलनंतरच्या सोमवारी मी सही करणार आहे. मला दुसरा रस्ता दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर माझं दार उघडं आहे."

माझ्या शेजारी काका उभे होते. काका आमचे इंजिनिअर. ते माझे कुणी लागत नाहीत, पण या चॅनलची प्रत्येक वायर त्यांच्या हाताखालून गेली आहे. एकतीस वर्षं झाली त्यांना. अठ्ठावन्नच्या माणसाला आता कोण कामावर घेणार? त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत काढून पुसला. मला इतका राग आला की घरी जाऊन मी आधी दादाशी भांडले.

त्याच्या पुढच्या रविवारी देव पावला, असंच मी म्हणेन.

आई मॅच बघत होती. आमचे बाबा गोदीत होते, त्यामुळे आई कट्टर गोदीवाली. एरवी हळू बोलणारी बाई, पण गोदीवाल्यांनी गोल केला की अशी ओरडते की मांडणीवरची भांडी थरथरतात. त्या दिवशीही ओरडली. पाठोपाठ जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दादा लालबुंद होऊन दारात उभा.

"आई, तू ओरडू नकोस गं! दर वेळी तू आमच्या मजेवर पाणी फिरवतेस."

"गोल झाला तर ओरडू नको होय रे?" आई म्हणाली.

"पण आमच्याकडे झालेलाच नसतो ना! तू ओरडलीस की आम्हाला कळतं, आता होणार. मग अर्ध्या मिनिटाने होतो. तुझी सून तर आता मॅच सोडून तुझ्याच आवाजाकडे कान लावून बसते."

मी हातातला कप तसाच खाली ठेवला. "दर वेळी?"

"दर वेळी म्हणजे दर वेळी."

मी त्याला दंडाला धरून वर पाठवलं आणि फोन चालू ठेवायला लावला. खाली चेंडू बाहेर गेला की मी घड्याळ बघायचे, आणि वर गेला की दादा "गेला" म्हणायचा. चार वेळा मोजलं. चारही वेळा पस्तीस सेकंद, एखादं इकडेतिकडे.

यात जादू काही नव्हती. काकांनी मला हे कधीच समजावून सांगितलं होतं. आमच्या वायरीतून चित्र सरळ घरात शिरतं. अ‍ॅपवर जाताना त्याचे तुकडे होतात, ते कुठल्या कुठल्या यंत्रांवरून फिरतात, दुसऱ्या टोकाला गोळा होतात आणि मग दिसतात. सिनेमा बघताना याने काही बिघडत नाही. पण खालच्या मजल्यावर गोल झालेला असताना वरच्या मजल्यावर तो व्हायचा असतो, आणि मधे फक्त एक छत असतं! अकरा वर्षं सेकंदांवर जगणाऱ्या माझ्यासारखीच्या डोक्यात हे येऊ नये? मी आनंदाने दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो का बसला ते त्याला अजून कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी बाई यायच्या आधी मी त्यांच्या दाराशी हजर. सगळं एका दमात सांगून टाकलं. "बाई, सिनेमे-मालिकांमध्ये आपण त्या अ‍ॅपला हरवू शकत नाही, तो नाद सोडून देऊ. आपण लोकांच्या गळ्यात दोनशे चॅनलचं गाठोडं मारतो आणि त्यातली एकशे नव्वद कुणी उघडूनही बघत नाही. फक्त मॅच देऊ. एका महिन्याच्या बोलीवर. नको झालं तर एक फोन करा, आमचा माणूस येऊन बॉक्स घेऊन जाईल, का सोडताय म्हणून डोकं खाणार नाही. आणि चौकाचौकांत बोर्ड लावू, शेजाऱ्याच्या आधी गोल. बस, एवढंच."

बाई खुर्चीत टेकल्या. "महिन्याच्या बोलीवर आलेले लोक महिन्यात जातीलही."

"जातील. म्हणून तर आपल्याला नीट काम करावं लागेल."

हे जरा जास्तच बोलले असं मला वाटलं, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "फायनलला सहा आठवडे आहेत. करून बघ. फायनलच्या दिवशी लोक टिकले तर मी सही करणार नाही. नाही टिकले तर सोमवार ठरलेला आहे."

त्या सहा आठवड्यांत आम्ही सव्वीस जण जे पळालो ते विचारू नका. हिशेब बघणारी मुलगी बोर्ड लावायला शिडीवर चढली, कॅमेरेवाले सुट्टीच्या दिवशी घरोघरी बॉक्स बसवत फिरले. आणि लोक आले! सुरुवातीला दहा-वीस, मग ज्या बिल्डिंगमध्ये एक बॉक्स बसला तिथे आठवड्यात सहा. कारण सोपं होतं. एका घरातून ओरडा आला की बाकीच्यांची मॅच बेचव व्हायची. एका आजोबांनी फोन करून सांगितलं, "समोरच्याला तीन गोल आधी सांगितले मी गॅलरीतून. चौथ्याला तो तुमचा नंबर मागायला आला." फायनलच्या सकाळी मोजलं तेव्हा चार हजार घरं परत आली होती. दादा मात्र आला नाही. हट्टीपणा आमच्या घरात वाटून दिलेला आहे, त्याच्या वाट्याला जरा जास्त गेला.

फायनल गोदीवाले विरुद्ध टपालवाले. दुपारी चारची मॅच. काका वरच्या मजल्यावर कंट्रोल रूममध्ये होते, एसीच्या गारठ्यात नेहमीचा स्वेटर घालून. मी त्या दिवशी मुद्दाम खालच्या हॉलमध्ये बसले, जिथे सहा जण गिऱ्हाइकांचे फोन घेतात. मधे भिंतीवर एक साधा टीव्ही, त्याला साधा बॉक्स, कुठल्याही घरात असतो तसा. लोकांना जे दिसतं ते मला दिसायला हवं होतं. बाईही येऊन माझ्या शेजारी बसल्या. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

सव्विसावं मिनिट. माझा फोन वाजला. आई.

"अगं, आज दादा आधी ओरडला!"

"काय?"

"आधी आम्हाला दिसला म्हणून वर दोघं नाचतायत. टपालवाल्यांचा गोल झाला म्हणे. माझ्याकडे तर अजून चेंडू मधेच आहे. बॉक्स बिघडला का गं?"

मी टीव्हीकडे बघितलं. आमच्याकडेही चेंडू मधेच होता. गोदीवाल्यांचा एक जण बुटाची लेस बांधत होता. मी उभी राहिले आणि बघत राहिले. लेस बांधून झाली, चेंडू उजवीकडे गेला, टपालवाल्यांच्या एका लांब तंगड्यांच्या खेळाडूने तो पळवला, आत घेतला, आणि गोल. दादा ओरडल्यानंतर पंचवीस सेकंदांनी.

सहाही फोन एकदम वाजले.

ते फोन आठवले की अजून कान तापतात. "तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा." "अ‍ॅपवाला शेजारी गॅलरीत उभा राहून मला टाटा करतोय." "उद्या सकाळी बॉक्स घेऊन जा, दारात काढून ठेवतो." फोनवरच्या पोरींचे चेहरे पांढरे पडले. मी ओरडले, "नावं लिहून घ्या! मॅच संपल्यावर बघू!" आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले.

काका निवांत होते. एका पडद्यावर व्हॅनकडून आलेलं चित्र, दुसऱ्यावर घराघरांत जाणारं. व्हॅनच्या पडद्यावर खेळ केव्हाच पुढे गेला होता.

"काका, आपण मागे आहोत!"

"असणारच," काका शांतपणे म्हणाले. "थांबा लावलाय."

"कसला थांबा?" अकरा वर्षांत तो शब्द माझ्या कानावर आला नव्हता; माझा तक्ता व्हॅनच्या चित्रावरून नाही, घरी जाणाऱ्या चित्रावरून चालतो.

त्यांनी रॅकमधल्या एका करड्या पेटीवर हात ठेवला. वर हिरवा दिवा आणि एक मिनिट असा आकडा. "अगं, फायनलला लावायचाच असतो. अठरा वर्षांपूर्वीच्या फायनलला एका बचावपटूने माइकजवळ आई-बहिणीवरून शिवी दिली होती आणि ती घरोघरी गेली. साहेबांना किती माफीची पत्रं लिहावी लागली! तेव्हापासून साहेबांचा नियम आहे. फायनलचं चित्र एक मिनिट इथे थांबवायचं. काही वावगं आलं तर काढून टाकायचं. मी कधी चुकलो नाही. एकदाही नाही."

मी डोकं धरलं. यांनीच मला पस्तीस सेकंदांचं गणित शिकवलं होतं. बोर्ड लागले तेव्हा हेच पेढे वाटावेत इतके खूश झाले होते. आणि आज दुपारी यांनीच, स्वतःच्या हाताने, अठरा वर्षांच्या सवयीने, आमची सगळी आघाडी त्या पेटीत कोंडून ठेवली होती. पस्तीस सेकंद पुढे असलेले आम्ही पंचवीस सेकंद मागे! हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

"काका," मी म्हणाले, आणि दोन्ही पडद्यांकडे बोट केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दोन पडद्यांकडे बघितलं. आणि मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग जागच्या जागी विरला.

"बोर्ड," ते पुटपुटले. "अरे देवा. मी दोन्हीचा संबंधच लावला नाही."

"आत्ता काढा तो थांबा!"

"आत्ता काढला तर एक मिनिटाचा खेळ गडप होईल. त्या मिनिटात गोल झाला तर लोक आपल्याला जाळतील." ते उठून उभे राहिले. मागे दारात बाई येऊन थांबल्या होत्या. "बाई, चूक माझी आहे. सगळी माझी. मी राजीनामा देतो."

"मॅच सोडून कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "बसा. आणि हे नीट कसं होईल ते सांगा."

हे सांगणं माझं काम होतं. मी तक्ता उघडला. हाफ टाइम दहा मिनिटांचा. आपल्याकडे तो एक मिनिट उशिरा सुरू होणार. दुसरा हाफ आपल्याला वेळेवर पकडायचा तर मधल्या दहा मिनिटांची नऊ करायची. पण ती दहाच्या दहा मिनिटं विकलेली होती. वर्षातला तो एकच दिवस असा असतो की माझ्या तक्त्यात श्वास घ्यायलाही जागा नसते. म्हणजे एक मिनिटाच्या जाहिराती गाळायला हव्या होत्या.

"काय काय गाळता येईल?" बाईंनी विचारलं.

"शेवटी वीस सेकंदांच्या तीन आहेत. चष्म्याचं दुकान, गाद्यांचं दुकान आणि ड्रायव्हिंग स्कूल."

"वाईट दिवसांतही थांबलेले लोक आहेत ते."

"हो."

"आणि दुसरं?"

मी तक्त्यावर बोट ठेवलं. "दुसरी एक सलग एक मिनिटाची आहे. अ‍ॅपची."

मोठ्या कंपनीने आमच्याच चॅनलवर, आमच्याच गिऱ्हाइकांना, बॉक्स सोडून अ‍ॅप घ्या असं सांगणारी जाहिरात ठेवली होती. ती तक्त्यात बसवताना मी इतकी तणतणले होते की काकांनी मला पाणी आणून दिलं होतं. पण आता ती गाळा असं सांगायला माझी जीभ रेटेना. ती गाळली तर टायवाला सोमवारी कागद आणणार नव्हता, हे त्या खोलीत तिघांनाही कळत होतं. आणि एवढं करून लोक गेलेच, तर चॅनलही नाही आणि विक्रीही नाही. सव्वीस जण रिकाम्या हाताने घरी.

हाफ टाइमला सोळा मिनिटं होती. बाई उभ्याच होत्या. करड्या पेटीकडे बघत होत्या.

"हा नियम साहेबांचा," त्या म्हणाल्या. "साहेब आज असते तर त्यांनीच काढला असता, असं म्हणायला सोपं आहे. मला नाही माहीत त्यांनी काय केलं असतं. पण आज मी आहे." मग माझ्याकडे वळल्या. "अ‍ॅपची गाळ. आणि काका, ती पेटी बंद करा."

मी तक्त्यातून ती जाहिरात उचलली, बाकीच्या जोडून घेतल्या, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत तीनदा तपासलं. हाफ टाइम लागला. जाहिराती धावू लागल्या. व्हॅनच्या पडद्यावर खेळाडू मैदानात परत आले, पंचांनी घड्याळ बघितलं. चष्म्याचं दुकान. गाद्या. ड्रायव्हिंग स्कूल. काकांचा हात पेटीच्या बटणावर, आणि मी मोजत होते, "पाच, चार, तीन, दोन..."

हिरवा दिवा विझला. दोन्ही पडद्यांवर एकाच क्षणी एकच शिट्टी वाजली. मी टाळ्याच पिटल्या.

पण लोकांना कळायला गोल व्हायला हवा होता, आणि गोल होईना. साठ मिनिटं झाली, पासष्ट झाली. खाली फोन वाजतच होते. कनेक्शन तोडा म्हणणाऱ्यांची यादी सहाशेवर गेली होती. मी कंट्रोल रूमची खिडकी उघडली. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे चार-चार मजल्यांच्या इमारतींची लांबलचक रांग, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. त्यातल्या कितीतरी घरांत आमचे बॉक्स, कितीतरी घरांत अ‍ॅप.

एकाहत्तराव्या मिनिटाला गोदीवाल्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गर्दीतून एक डोकं वर आलं आणि जाळं हललं.

त्याच क्षणी समोरची इमारत ओरडली. आधी तळमजला, मग तिसरा मजला, मग कोपऱ्यावरची सगळी बाजू. रस्त्यावर जाणारा सायकलवाला दचकून थांबला. मी खिडकीचा गज घट्ट धरून मोजायला लागले. दहा. वीस. कुठल्याशा गॅलरीत एक माणूस येऊन शेजारच्या खिडकीकडे बघून बोटं नाचवत होता. तीस. चौतीस. पस्तीस. आणि मग दुसरा ओरडा आला. बारीक, उशिरा, उरलेल्या घरांतून. पहिला ओरडा करणाऱ्यांनी त्याला जे हसून घेतलं! सगळी रांग हसत होती.

"ऐकलंत?" मी किंचाळले. "काका, ऐकलंत?"

काकांनी मान डोलावली.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला गोदीवाल्यांचा कॅप्टन एकटाच घुसला. दोघांना चकवलं, तिसऱ्याने पाय घातला तरी पडला नाही, आणि मारला तो असा मारला की गोलकीपर बघतच राहिला. दोन-एक! कॅप्टन वेड्यासारखा धावत आमच्या कॅमेऱ्याकडे आला, माइकजवळ तोंड आणलं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की आता तो काय बोलणार आहे. काकांना माझ्याआधी दिसलं. त्यांचा हात आपोआप पेटीकडे गेला.

बाईंनी तो हात धरला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या.

आणि ती गेली. कडक, भरभक्कम, अठरा वर्षं अडवून ठेवलेली शिवी शहरातल्या प्रत्येक बॉक्समधून एकदम बाहेर पडली. काकांनी डोळे मिटून घेतले. समोरच्या इमारतीतून असा काही जल्लोष उठला की खालच्या दुकानातले लोकही बाहेर आले.

मॅच संपल्यावर मी धडधडत खाली गेले. सहाशेच्या यादीतल्या प्रत्येकाला आम्ही फोन लावला, मैदानावरून परतलेल्यांसकट सव्वीसच्या सव्वीस जणांनी, बाईंनीसुद्धा. "साहेब, बॉक्स घ्यायला माणूस कधी पाठवू?" पहिला माणूस म्हणाला, "कसला माणूस? मी रागात बोललो हो, राहू दे की." दुसरीने विचारलं, पुढचा हंगाम कधी सुरू होतो. शिवीबद्दल दोन फोन आले, त्यातला एक ती नीट ऐकू आली नाही, परत दाखवणार का, असं विचारणारा होता. अंधार पडेपर्यंत सहाशेतले पाचशे सत्तर राहिले आणि वर शंभर नवे आले. शेवटची बेरीज मी मोठ्याने वाचली. हॉलमध्ये कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, मी दोन्ही करत होते.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. टायवाला. बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"बाई, आमची जाहिरात लागली नाही," टायवाल्याचा आवाज आला.

"मी गाळली. तिचे पैसे उद्या परत येतील तुमच्याकडे."

"आणि सोमवारचं?"

"चॅनल विकायचं नाही. तुम्हाला लीगने मॅचचा हक्क दिलाय, चित्राचा नाही. कॅमेरे आमचे आहेत. पुढच्या हंगामात चित्र हवं असेल तर आमच्याकडून विकत घ्या. देऊ आम्ही. जे लोक तुमच्याकडेच बघणार आहेत त्यांच्यापर्यंतही आमची मॅच जाऊ दे, आमची ना नाही."

एवढं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

टायवाला हिशेबी माणूस. त्याने रागावण्यात वेळ घालवला नाही. "ठीक आहे, घेऊ. पण एक अट. आज आमच्याकडे तक्रारींचा पाऊस पडलाय. तुमचं चित्र निदान अर्धं मिनिट थांबवून सोडा, म्हणजे तुमच्याकडे आणि आमच्याकडे गोल एकदमच दिसेल. तुमच्याकडे तशी काही सोय असेल ना?"

बाईंनी मान वळवून काकांकडे बघितलं. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, करडी पेटी रॅकमधून सोडवून, वायरींसकट काखेत धरून.

"काका," बाईंनी विचारलं, "आहे का हो आपल्याकडे चित्र थांबवायची काही सोय?"

काकांनी पेटीकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं. घसा साफ केला.

"नाही बाई," ते म्हणाले. "आपल्याकडे तसलं काही नाही."

अकरा वर्षांत मी काकांना पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं, आणि मला ते इतकं आवडलं की मी जाऊन त्यांना पेटीसकट मिठी मारली.